अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचं उत्तर लिहिताय? या चुका टाळा

पेपरांचा गठ्ठा सोडला की पहिल्या दहांत सहा-सात जणांचं एकच वाक्य: ‘इंग्लंडने कर वाढवले, वसाहतवाले चिडले आणि युद्ध झाले.’ वाक्य तसं खोटं नाही, पण १७६३ ते १७७५ ही बारा वर्षं त्याने एका घासात गिळलीत. गाईडमध्ये तेवढंच असतं, पोरं तेवढंच पाठ करतात. मार्क कापले की मग माझ्याच नावाने बोटं मोडतात. खाली परिच्छेदांच्या सुरुवातीला अवतरणात आहेत त्या पेपरांतल्या चुका, पुढे माझी दुरुस्ती.

‘चहा महागला म्हणून पेट्या समुद्रात फेकल्या.’ ही चूक मी स्वतः चारपाच वर्षं वर्गात शिकवली, म्हणून तिच्यावर जरा जास्त राग आहे. एकदा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, चहावरचा कर तर तुम्ही १७६७ चा सांगितलात. मग १७७३ मध्ये नवीन काय झालं?” उत्तर येईना. ‘उद्या सांगतो’ म्हणून वेळ मारून नेली आणि रात्री पुस्तकं काढून बसलो. चहा चक्क स्वस्त झाला होता! ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदामांत चहा पडून होता आणि कंपनी बुडायला आली होती. तिला वाचवायला पार्लमेंटने १७७३ मध्ये कायदा केला: इंग्लंडमधली जकात माफ आणि चहा थेट अमेरिकेत पाठवायची मुभा. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा ठेवला. म्हणजे स्वस्त चहा प्यायला की पार्लमेंटचा कर लावायचा हक्क आपोआप मान्य! शिवाय विक्री कंपनीने नेमलेल्या मोजक्या अडत्यांकडे. बोस्टनमधल्या अडत्यांत खुद्द मॅसॅच्युसेट्सचा (बोस्टन ज्या वसाहतीत येतं ती) गव्हर्नर हचिन्सन याची दोन मुलं होती. बाकीचे व्यापारी आणि हॉलंडचा चोरटा चहा विकणारे, दोघांच्याही पोटावर पाय. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या बोस्टनच्या पाण्यात गेल्या (हीच ‘बोस्टन टी पार्टी’) त्या यासाठी. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगितलं, आदल्या वर्षांची चूकही कबूल केली. तेव्हापासून ‘महागला’ शब्द दिसला की लाल पेन आपोआप चालतं.

‘वसाहतवाल्यांना पहिल्यापासून स्वातंत्र्य हवं होतं.’ अजिबात नाही. १७६५ मध्ये मुद्रांक कायद्याविरुद्ध (छापील व कायदेशीर कागदांवर कर लावणारा कायदा) नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, त्यांच्या ठरावाची सुरुवातच राजनिष्ठेने होते. मागणी एवढीच की आम्हीही इंग्रज, तर इंग्रजाचे हक्क आम्हालाही द्या. आमचा प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटने आमच्यावर कर लावू नये. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला गोळीबार झाला, जूनमध्ये बंकर हिलला रक्त सांडलं, तरी जुलैत काँग्रेसने (वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा) इंग्लंडच्या राजाला समेटाचा अर्ज धाडला. तिसऱ्या जॉर्जने तो हातातही घेतला नाही, उलट ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर ठरवल्या. त्यानंतर कुठे ‘वेगळं व्हायचं’ हे उघड बोललं जाऊ लागलं.

यावर माझा उपाय साधा आहे. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे उभी रेघ मारतो. डावीकडे तारीख, उजवीकडे ‘त्या दिवशी ते काय मागत होते?’ मागणी बदलत गेलेली नुसत्या नजरेने दिसते. पाच मिनिटांत होत नाही, तास-दीड तास जातो. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांनी खुशाल गाईड वाचावं.

‘मुद्रांक कायदा १७६६ मध्ये रद्द झाला, विषय संपला.’ त्याच दिवशी दुसरा कायदा करून पार्लमेंटने वसाहतींवर वाटेल तो कायदा करायचा हक्क राखून ठेवला. हे कुणीच लिहीत नाही.

‘बोस्टन हत्याकांडात (१७७० मध्ये इंग्रज सैनिकांनी जमावावर केलेला गोळीबार) शेकडो मेले.’ मेले पाच. आणि सैनिकांचं वकीलपत्र वसाहतवाल्यांच्याच बाजूच्या जॉन ॲडम्सने घेतलं होतं.

‘४ जुलै १७७६ ला युद्ध सुरू झालं.’ ती तारीख स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची. तोवर लढाईला वर्ष उलटून गेलं होतं.

‘टी पार्टी झाली आणि युद्ध पेटलं.’ मधलं १७७४ गाळू नका. पार्लमेंटने शिक्षा दिली: चहाची भरपाई होईपर्यंत बोस्टन बंदर बंद आणि मॅसॅच्युसेट्सच्या कारभारावर गदा. शिक्षा एका वसाहतीला, धास्ती सगळ्यांना. सप्टेंबरात फिलाडेल्फियाला बारा वसाहती एकत्र बसल्या त्या त्यामुळे. (तेरा नव्हेत, जॉर्जिया आली नव्हती.)

‘इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस यॉर्कटाउनला हरला आणि संपला.’ शरणागती १७८१ ची. १७८६ मध्ये हाच गृहस्थ कलकत्त्यात गव्हर्नर जनरल म्हणून उतरला, आणि टिपूविरुद्ध पेशव्यांची फौज त्याच्याच बाजूने लढली.