फर्निचर घेताय? आधी लिफ्ट मोजा

गेल्या वर्षी आम्ही पुण्यात धायरीला टू बीएचकेमध्ये राहायला आलो आणि सोफा, बेड, कपाट आणि डायनिंग टेबल एवढ्या चार वस्तूंसाठी जवळजवळ पाच महिन्यांचे रविवार गेले. त्यातला सगळ्यात वाईट दिवस म्हणजे सोफा आला तो. सात फुटी, आवडलेला, रंग बरोबर, सगळं बरोबर, पण तो लिफ्टमध्ये जाईना, आडवा नाही, उभा नाही, तिरका नाही. मग हमाल जिन्याने घेऊन निघाले तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला, कठड्याला घासून कापड फाटलं, आणि शेवटी खाली पार्किंगमध्ये नेऊन ठेवावा लागला. दुकानदार फोनवर म्हणाला, मॅडम माल गोडाऊनमधून निघाला की तुमचा. जाण्यायेण्याचा टेम्पो आमच्या माथी, पैसे मिळायला सहा आठवडे, आणि तेही कापून. म्हणून लिहितेय, निदान दुसऱ्या कोणाचं तरी हे टळू दे.

तर पहिलं काम शोरूममध्ये जाणं नाही. पहिलं काम घर मोजणं, आणि घर म्हणजे फक्त हॉलची भिंत नाही तर टेम्पो जिथे थांबणार तिथपासून वस्तू जिथे ठेवणार तिथपर्यंतचा सगळा रस्ता. लिफ्टच्या दाराची रुंदी आणि उंची, लिफ्टची आतली उंची, लिफ्ट नसेल किंवा छोटी असेल तर जिन्याची रुंदी आणि विशेषतः वळणावरचा चौक, मग मेन डोअर, मग पॅसेज, मग बेडरूमचं दार. बेडरूमचं दार मेन डोअरपेक्षा अरुंद असू शकतं हे लक्षातच येत नाही. दार उघडल्यावर त्याची स्वतःची जाडीसुद्धा जागा खाते, म्हणून चौकटीच्या आतून मोजू नका, दार पूर्ण उघडून उरलेली फट मोजा. सोफा लिफ्टमध्ये सहसा उभा करून घालतात, त्यामुळे त्याची लांबी लिफ्टच्या उंचीत बसते का हे बघायचं, आणि पाय निघतात का हे दुकानात विचारायचं, कारण चार-पाच इंचांचे पाय काढल्यावर बरेच सोफे आत जातात.

सगळं एकाच मापात लिहून ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे. सुतार इंच आणि सुतात बोलतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), शोरूमवाला फुटात, ऑनलाइन साईटवर सेंटीमीटर आणि प्लायवर मिलिमीटर, ह्या गोंधळातच चुका होतात. मी सगळं इंचात लिहिलं, एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, मोबाईलमध्ये एक नोट करून ठेवली आणि प्रत्येक दुकानात तीच उघडली.

मग रद्दीतले पेपर काढा. खरंच सांगते, कुठल्याही थ्रीडी अॅपपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं. ज्या सोफ्याचा विचार आहे त्याच्या मापाचे पेपर जमिनीवर जोडून चिकटवायचे, बेडचे, टेबलाचेही, आणि दोन दिवस तसंच घरात वावरायचं. बाल्कनीत कपडे वाळत घालायला बादली घेऊन जाताना पाय पेपरवर पडतो का? गॅलरीचं दार पूर्ण उघडतं का? बेडच्या बाजूने दोन फूट तरी उरतात का, नाहीतर चादर बदलणं रोजचा वैताग होतो. डायनिंगची खुर्ची मागे सरकवून उठायला अडीच ते तीन फूट लागतात, आणि हॉललाच डायनिंग जोडलेलं असेल तर तेवढी जागा बऱ्याचदा नसतेच, मग सहा खुर्च्यांचा हट्ट सोडून एका बाजूला बाक घेतलेला बरा. कपाट साधारण २४ इंच खोल असतं कारण हँगरला तेवढं लागतं, त्यात उघडणारी दारं असतील तर समोर अजून दीड-दोन फूट. स्विचबोर्ड कपाटामागे जातोय का बघा. आणि स्कर्टिंग! भिंतीच्या पायथ्याशी जी टाइलची पट्टी असते ती पाऊण-एक सेंटीमीटर बाहेर येते, त्यामुळे कपाट भिंतीला कधीच पूर्ण टेकत नाही, कोनाड्यात घालायचं असेल तर माप स्कर्टिंगपासून घ्या.

आता माणसं. आमच्याकडे सासूबाई बहात्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखतात. पहिल्या फेरीत आम्ही त्यांना नेलंच नाही, उगाच त्रास कशाला म्हणून, आणि जे सोफे आवडले ते सगळे खोल आणि बुटके होते, फोटोत सुंदर दिसतात पण त्यातून उठायला हाताला धरून ओढावं लागतं. दुसऱ्या वेळी त्यांना घेऊन गेलो. बसल्या, आणि म्हणाल्या, "अगं, ह्यात मी बसेन, पण उठवायला तू दिवसभर घरी असशील का?" त्या एका वाक्याने निम्मी यादी कमी झाली. सीटची उंची १७-१८ इंच आणि खोली २०-२२ इंच असेल तर बहुतेकांना चालतं, म्हाताऱ्या माणसांना अजून इंचभर उंच चालेल पण बुटकं नको, आणि हाताला धरायला घट्ट हँडल पाहिजे. पाठ मागे टेकली असताना पावलं जमिनीला पूर्ण लागली पाहिजेत. दुकानात दोन मिनिटं बसून उठू नका, दहा-पंधरा मिनिटं बसा, सेल्समन भोवती घुटमळला तरी बसा, आपण हजारो रुपये देणार आहोत. आणि हात न टेकता उठून बघा.

एक गोष्ट शोरूममध्ये कायम फसवते. तिथलं छत उंच, हॉल प्रचंड, त्यामुळे प्रत्येक वस्तू लहान वाटते. "हा तर आपल्याकडे आरामात बसेल" हे डोळ्यांचं बोलणं ऐकू नका, टेप लावा. कापडाचा रंगही तिथल्या पिवळ्या लाइटमध्ये वेगळा आणि घरी ट्यूबखाली वेगळा दिसतो, म्हणून कापडाचा तुकडा मागून घरी आणायचा. देतात, मागावा लागतो.

एल शेपचा सोफा घेणार असाल तर डावा-उजवा हा शब्दच वापरू नका. समोर उभं राहून डावा की बसल्यावर डावा, ह्यावर दुकान आणि गिऱ्हाईक दोघंही मनात वेगवेगळं धरून बसतात आणि पंचवीस दिवसांनी उलटा सोफा दारात येतो. कागदावर हॉलचं चित्र काढा, खिडकी आणि दार दाखवा, लांब बाजू कुठे ते रंगवा आणि त्यावर दुकानदाराची सही घ्या. मैत्रिणीकडे उलटा आलाय, तिचं अर्धं बाल्कनीचं दार आता कायमचं बंद आहे.

फोमचं पण बघून घ्या. सगळे म्हणतात फोर्टी डेन्सिटी आहे मॅडम. फोर्टी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो, म्हणजे हे वजन करून कळू शकतं! गादी सुटी निघणारी असेल तर साधा हिशोब असा की २४ बाय २४ इंच आणि ५ इंच जाड फोम ४० डेन्सिटीचा असेल तर जवळपास १.९ किलो भरतो आणि ३२चा असेल तर दीड किलो, कव्हरचं वजन वेगळं. मी सामान मोजायचा हुकवाला वजनकाटा पर्समध्ये घेऊन गेले होते. एका दुकानात गादी सव्वा किलो भरली, कव्हरसकट, आणि मग तिथला माणूस म्हणाला की ऑर्डरच्या मालात फोर्टी टाकतो, हा डिस्प्ले आहे. असेलही, पण मग ते बिलावर लिहून द्या म्हटलं तर तयार नव्हता. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही, हा नियम मी तिथून पुढे सगळीकडे लावला. पाठीला मऊ फोम चालतो, बसायला नाही, वर्षभरात खड्डा पडतो.

लाकडाच्या बाबतीत शब्दांवर लक्ष ठेवा. "शिसम फिनिश", "टीक फिनिश" म्हणजे फक्त रंग, आत शिसव किंवा सागवान आहे असा त्याचा अर्थ होत नाही. "इंजिनिअर्ड वुड" म्हणजे पार्टिकल बोर्ड असू शकतो, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) असू शकतो, कुठला ते विचारायचंच. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबलेला, स्वस्त असतो, कोरड्या जागी पुस्तकांचं छोटं रॅक वगैरे ठीक, पण पाणी लागलं की फुगतो आणि परत बसत नाही, आणि त्यात स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा तितका घट्ट पकडत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे नीट ऐका, दर ११ महिन्यांनी घर बदलायची वेळ येत असेल तर पार्टिकल बोर्डचं कपाट दोन शिफ्टिंगमध्ये खिळखिळं होतं. त्यापेक्षा लोखंडी कपाट घ्या, दिसायला साधं, पण वर्षानुवर्षं टिकतं आणि विकलं तर चार पैसे येतात.

सुतार लावणार असाल तर प्लाय स्वतः घ्या. पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे, तिथे प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, चॅनेल (ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या) सगळं मिळतं, एक दिवस मोडतो पण भाव आणि क्वालिटी दोन्ही कळतात. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची. त्यात प्रती असतात: एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) म्हणजे कमर्शियल, दमटपणा थोडाफार सहन करतो पण पाणी नाही. बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) त्याच्या वर, आणि मरीन म्हणजे बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ), ज्याच्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. किचन आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचं कपाट ह्यात कंजूषी नको, बेडरूमच्या कोरड्या भिंतीला मरीनची गरज नाही. शिक्का शीटवरच बघा, आयएसआय मार्क आणि लायसन्स नंबरसकट, आणि कडेने बघा की थरांमध्ये पोकळ फट तर नाही. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याचा विचार आधी करा, कपाटाची पाठ भिंतीला चिकटवू नका, थोडी हवा खेळू द्या, नाहीतर जुलैमध्ये कपड्यांना बुरशी. लाकडातून बारीक भुसा पडताना दिसला तर भुंगा लागलाय, वाळवी मातीच्या रेषा काढत येते, दोन्हींची औषधं वेगळी असतात म्हणून आधी ओळखा. जुनं फर्निचर घेताना तर वस्तू उलटी करून पायांच्या खालून बघायचंच, मात्र जुन्या वाड्यातला सागवानी पलंग किंवा फडताळ चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर मी नव्या कशापेक्षाही तेच घेईन.

सुताराला पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि दहा टक्के तरी दारं-ड्रॉवर महिनाभर वापरून बघेपर्यंत हातात ठेवा. हे आधीच बोलून घ्यायचं, मागून नाही. आमचे मिस्त्री म्हणाले, "ताई, काम बघा, मग द्या." असा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

बेड आणि गादी शक्यतो एकत्र ठरवा. किंग साईज हे एकच माप नाही, ७२ बाय ७८ पण किंग आणि ७२ बाय ७५ पण किंग म्हणूनच विकतात, आणि मग पायथ्याशी तीन इंचांची फट राहते ज्यात मोबाईल पडतो. शिवाय बेडचं बाहेरचं माप गादीपेक्षा मोठं असतं, हेडबोर्डमुळे पाच-सहा इंच सहज वाढतात. ड्रॉवरचा बेड घेतला तर ड्रॉवर ओढायला बाजूला जागा आहे का? नसेल तर हायड्रॉलिक, म्हणजे वरचा भाग उचलून आत सामान ठेवायचा बेड, पण तो गादीसकट उचलायचा असतो, तेव्हा घरात ज्यांना रोज उचलावा लागणार त्यांनी दुकानात एकदा उचलून बघा.

ऑनलाइनबद्दल फार नाही सांगत. फोटो नका बघू, मापं, वजन आणि मटेरियलची ओळ बघा. वजन कमी म्हणजे आत काय आहे ते कळतं. आणि एक-दोन स्टारवाले रिव्ह्यू आधी वाचा, त्यातही सहा महिने वापरून लिहिलेले.

बिल पक्कं घ्या, जीएसटीसकट, "बिनबिलाचं घेतलंत तर कमी करतो" ह्याला भुलू नका, मी पहिल्या सोफ्याच्या वेळी अर्धवट कच्च्या पावतीवर विश्वास ठेवला आणि म्हणूनच भांडायला हातात काही नव्हतं. बिलावर लाकूड किंवा प्लायचा प्रकार, फोमची डेन्सिटी, माप, डिलिव्हरीची तारीख आणि वर चढवायचा खर्च कोणाचा हे लिहून घ्या. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, आणि सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणंसुद्धा. त्यामुळे खराब निघालेल्या वस्तूसाठी "नो रिटर्न"चा शिक्का दाखवून कोणी हाकलत असेल तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

डिलिव्हरी सुट्टीच्या दिवशी आणि दिवसाउजेडी घ्या, सोसायटीत सामान चढवायच्या वेळा ठरलेल्या असतील तर सिक्युरिटीला आदल्या दिवशी सांगून ठेवा. प्लास्टिक फाडायला लावा, चारही पाय टेकतात का, दारं समान बसतात का, मागची बाजू फाटलेली नाही ना, हे सगळं बघितल्याशिवाय चलनावर सही नको, आणि काही दिसलं तर त्याच चलनावर लिहून फोटो काढा. पोरं घाईत असतात, पुढची डिलिव्हरी आहे म्हणतात, त्यांना चहा द्या पण सही शेवटी. उरलेले नटबोल्ट आणि ती छोटी वाकडी चावी एका पिशवीत घालून बेडच्या खालच्या बाजूलाच टेपने चिकटवून टाका, कारण दोन-तीन महिन्यांनी बेड करकरायला लागतो आणि तेव्हा तीच चावी लागते.