स्वतःचं कुलचिन्ह: ढालीवर काय घ्यावं, काय गाळावं

कुलचिन्ह म्हणजे ढालीवर काढलेली घराण्याची खूण, युरोपातल्या घराण्यांची असते तशी. आडनाव टाइप केलं की ‘तुमच्या घराण्याचं चिन्ह’ विकणाऱ्या वेबसाइटवर पैसे घालवू नका. इंग्लंडमध्येही चिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशजांकडे जातं. तिथे ते देणारं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून आहे. आपल्याकडे असं कार्यालय नाही, म्हणून बिनधास्त करा. फक्त सारनाथचे सिंह नकोत, त्यावर २००५ चा कायदा आहे.

ढालीचा आकार साधा घ्या.

रंगांचा नियम एकच. पिवळा म्हणजे सोनं, पांढरा म्हणजे चांदी; हे दोन धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. रंगावर रंग नको, धातूवर धातू नको. नाहीतर लांबून काही दिसणार नाही.

खरी कसोटी चिन्हं निवडताना लागते. लोक अख्खा बायोडेटा ढालीवर चढवतात: स्टेथोस्कोप, लॅपटॉप, मागे गड, खाली गावची नदी. तीन वस्तूंच्या पुढे जायचंच नाही. पेशाचं यंत्र नको, त्यातलं काम घ्या. पाटबंधारे खात्यात हयात गेली असेल तर धरण कशाला? दोन नागमोडी पट्टे पुरे. लॅपटॉप तर नातवंडांना ओळखूही येणार नाही.

घराण्यासाठी आधी देवक बघा. पंचपल्लव, वेळू, मोराचं पीस हे सगळं चार रेघांत उतरतं. कुलदैवताची मूर्ती मात्र घेऊ नका. हे चिन्ह उद्या चहाच्या मगवर जाणार आहे. खंडोबा असेल तर भंडाऱ्याचा पिवळा आणि एक खड्ग, बस्स.

१८५७ साली बॅरोनेट (वंशपरंपरागत ब्रिटिश किताब) झालेल्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या ढालीवर घाटामागून उगवणारा सूर्य आहे आणि दोन मधमाश्या. उद्योगी माणसाला मधमाशी शोभतेच. घाट मला पटत नाही; निसर्गचित्र दोघांच्या हातून सारखं उतरत नाही.

आता चित्र बाजूला ठेवून ढालीचं वर्णन एका वाक्यात लिहा. शेक्सपिअर घराण्याचं १५९६ चं असं: ‘सोनेरी ढालीवर तिरपा काळा पट्टा, त्यावर रुपेरी पात्याचा सोनेरी भाला.’ आडनावातला भाला थेट ढालीवर! मोरे असाल तर तुमचं काम सोपं आहे. वाक्य लांबलं तर वस्तू काढा, शब्द नव्हे.

मग ते वाक्य, चित्र न दाखवता, दोघांना द्या. दोघांच्या ढाली एकाच घरातल्या वाटल्या की शिक्का करायला टाका.