शेजाऱ्याची भिंत आपल्या हद्दीत आली आहे असे वाटते तेव्हा काय करावे

इंदूरच्या जुन्या वसाहतींत घरे पाडून नवी उभी राहू लागली की दोन प्लॉटांमधल्या चार-सहा इंचांवरून वर्षानुवर्षांचा घरोबा तुटतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेत अशी भांडणे सोडवण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे ‘आधी वकिलाची नोटीस पाठवा, मग बघू’ हा सल्ला मला सहन होत नाही. नोटीस पोहोचल्या दिवसापासून समोरचा माणूस शेजारी राहत नाही, पक्षकार होतो.

त्याऐवजी आधी रजिस्ट्री म्हणजे नोंदणी केलेले खरेदीखत, संस्थेचे ताबापत्र आणि नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) विभागाने मंजूर केलेला ले-आउट म्हणजे प्लॉटांचा आराखडा हाती घ्यावा. रजिस्ट्रीतील चतुःसीमा, म्हणजे प्लॉटच्या चारही बाजूंना काय आहे याचे वर्णनही वाचावे, कारण माप आणि चतुःसीमा यांत विसंगती निघाली तर न्यायालये साधारणतः चतुःसीमेला अधिक वजन देतात.

यानंतर मोजणी, आणि बहुतेक लोक फसतात ते इथेच. टेप धरणे अवघड नसते, तो कुठून धरायचा हे ठरवणे अवघड असते. प्रत्येक जण आपल्या भिंतीपासून मोजायला सुरुवात करतो आणि ती भिंत जागेवर आहे असे गृहीत धरतो. मीही तेच केले होते. पूर्वेच्या भिंतीपासून मोजल्यावर माझा प्लॉट नऊ इंच कमी भरला, म्हणून पश्चिमेच्या काकांना मी चोर ठरवले आणि दोन वर्षे त्यांच्याशी बोललो नाही. पुढे रस्त्याच्या कोपऱ्यापासून सगळी ओळ मोजली, तेव्हा कळले की आमच्या ठेकेदारानेच पूर्वेची भिंत आत घेतली होती आणि माझे नऊ इंच पूर्वेच्या काकूंच्या तुळशीवृंदावनाखाली होते.

म्हणून माझा आग्रह असा की, ले-आउटमध्ये दाखवलेला आणि दोन्ही शेजाऱ्यांना मान्य असलेला एक पक्का बिंदू, म्हणजे रस्त्याचा कोपरा किंवा शाबूत राहिलेला हद्दीचा दगड, आधी निश्चित करावा आणि तिथून ओळीतले सगळे प्लॉट मोजावेत. कारण पहिले घर सहा इंच सरकले असेल तर पुढची सगळी घरे त्याच्या मागोमाग सरकलेली असतात आणि शेवटचा माणूस विनाकारण बदनाम होतो. टेप पोलादीच घ्यावा, कापडी ताणला जातो. कर्णही मोजावेत: काटकोनी 30 बाय 50 फुटांच्या प्लॉटचा कर्ण 58 फूट 4 इंचांच्या आसपास येतो, आणि दोन कर्णांत फरक पडला तर प्लॉट तिरका आहे. भिंत सामाईक आहे की एकट्याची, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. नऊ इंची सामाईक भिंतीची हद्द तिच्या मध्यावर असते आणि या साडेचार इंचांवरून मी हाणामारी पाहिली आहे. मोजताना शेजारी हजर असलाच पाहिजे. त्याच्या पाठीमागे केलेली मोजणी कितीही अचूक असली तरी तो ती मानणार नाही.

तरीही मतभेद राहिला तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 129 खाली तहसीलदारांकडे सीमांकनाचा, म्हणजे सरकारी मोजणीने हद्द ठरवून घेण्याचा अर्ज करावा. शेजाऱ्यांना सूचना मिळाली आहे ना, याची खात्री करावी, आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी नकाशातील आकडे स्वतः वाचावेत.

मात्र शेजाऱ्याने आजच पाया खणायला घेतला असेल तर सीमांकनाची वाट पाहू नये. दिवाणी न्यायालयातून तातडीने स्टे मागावा. संमतीवाचून ताबा काढून घेतला गेला असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खालील दाव्याला सहाच महिन्यांची मुदत आहे. आणि ‘भिंत जुनी आहे, राहू द्या’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मालकीला आव्हान देणारा उघड ताबा बारा वर्षे चालला तर जमीन परत मागण्याचा हक्कच जातो. रातोरात भिंत पाडणाऱ्याची बाजू मात्र मी कधीच घेत नाही. हद्द त्याची असली तरी पुढे खटला त्याच्यावरच होतो.

तडजोड झाली तर ती लेखी आणि नकाशासह करावी. पैसे घेऊन पट्टी सोडायची असेल तर स्टँप पेपरवरच्या सह्या पुरत नाहीत, शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीच्या व्यवहाराची नोंदणी करावीच लागते. प्रकरण न्यायालयात असेल तर लोक अदालतीत मिटवावे, तिथल्या निवाड्यावर अपील नसते. नवी भिंत उभी राहण्यापूर्वी दोघांनी मिळून हद्दीवर दोरी ताणावी आणि पायाचा पहिला थर दोघांच्या देखत बसवून घ्यावा.