विरंगुळा केंद्र काढताय? आधी जागा बघा

ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र काढायचं ठरलं की पहिल्या दोन-तीन बैठका नाव आणि अध्यक्ष ठरवण्यातच जातात. माझं सांगणं, आधी जागा बघा. नोंदणीचं नंतर बघता येतं. सात सभासद जमले की धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवता येते.

जागा तळमजल्यावरच हवी. वाचनालयाची मागची खोली, सोसायटीचं सभागृह, काहीही चालेल. पण पाच पायऱ्या असल्या तर गुडघे दुखणारी माणसं येणारच नाहीत. उतार बांधणार असाल तर एक फूट चढायला बारा फूट लांबी धरा. जागा वाचवायला तो उभा केला, तर चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याचे हाल होतात. खुर्च्या हातांच्या घ्या, उठताना आधार लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचा संडास! कमोड हवा, शेजारी भिंतीत पक्का दांडा हवा, कडी बाहेरूनही उघडणारी हवी. तो धड नसेल तर मधुमेही माणूस अर्ध्या तासात घर गाठतो आणि पुन्हा फिरकत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या केंद्रात संध्याकाळी कॅरम आणि पेपर पुरुषांच्या ताब्यात असायचे, बायका दारातून परत जायच्या. म्हणून दुपारी अडीच ते साडेचार ही वेळ फक्त बायकांची केली, नातवंडं शाळेतून यायच्या आतली. त्या वेळात भजन करायचं, पत्ते खेळायचे की नुसतं पडून राहायचं, हे त्यांनाच ठरवू द्या. जन्मभर दुसऱ्यांच्या वेळा सांभाळल्यात त्यांनी.

व्याख्यानं कमी ठेवा, कामाच्या गोष्टी जास्त. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पोस्टात आधी सांगून पोस्टमनला केंद्रातच बोलवा, म्हणजे बँकेची रांग टळते. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन भिंतीवर ठळक अक्षरांत लिहा.

हजेरीची वही मात्र रोज भरा. नेहमीचं माणूस तीन दिवस दिसलं नाही तर फोन करा, चौथ्या दिवशी घरी जा. दोघांनी जावं, त्यात एक बाई असावी. पुरुषांची बोळवण बाहेरच्या खोलीतूनच होते. बाई आत जाऊन पलंगाशी बसू शकते आणि औषधं वेळेवर मिळतात का, हे विचारू शकते.