चांदीच्या भावात अमेरिकन स्मारक डॉलर

अमेरिकेचे चांदीचे स्मारक डॉलर, म्हणजे एखाद्या घटनेच्या किंवा व्यक्तीच्या स्मरणार्थ काढलेली नाणी, जमवायचे असतील तर आधी एक आकडा पाठ करा: ०.७७३४. १९८३ ते २०१८ या काळातल्या या नाण्यांत ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं असतं. वजन २६.७३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी ०.७७३४ ट्रॉय औंस (मौल्यवान धातू मोजायचं एकक, सुमारे ३१.१ ग्रॅम). त्या दिवसाच्या भावाला या आकड्याने गुणलं की नाण्यातल्या नुसत्या चांदीची किंमत कळते. समजा औंसाला ४० डॉलर भाव आहे, तर ती साधारण ३१ डॉलर. कॉइन शोला जाताना मी हा गुणाकार आधीच करून मोबाइलमध्ये लिहून ठेवते. डीलरने ३४ सांगितले तर बोलणं पुढे न्यायचं, ५५ सांगितले तर वरचे पैसे कशाचे ते विचारायचं. २०१९ पासूनची नाणी ९९.९ टक्के चांदीची आहेत, वजन तेवढंच, म्हणून त्यांच्यासाठी आकडा सुमारे ०.८६ धरा.

सुरुवात १९८६ च्या स्वातंत्र्यदेवतेच्या डॉलरने करावी, असं माझं ठाम मत आहे. पुतळ्याच्या मागे एलिस आयलंडची, म्हणजे अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांची नोंद व्हायची ती, इमारत आहे, आणि मागच्या बाजूला मशाल व एमा लॅझरसच्या कवितेच्या ओळी. प्रत्येक डॉलरमागे ७ डॉलर पुतळा आणि एलिस आयलंडच्या दुरुस्तीसाठी घेतले गेले होते. बोटीतून उतरून त्या इमारतीत रांगा लावणाऱ्या माणसांचं स्मारक आजही जवळपास चांदीच्या भावात मिळतं, याचा मला मनापासून आनंद वाटतो. त्याचं कारण साधं आहे: प्रूफ प्रकारात ही ६४ लाखांहून जास्त नाणी विकली गेली.

इथेच नवख्याची गल्लत होते. प्रूफ म्हणजे घासून चमकवलेल्या साच्यांनी, एकाहून जास्त ठोके देऊन पाडलेलं नाणं. चित्राभोवतीची सपाट जागा आरशासारखी, चित्र मंद पांढुरकं. दिसायला ते भारी, म्हणून किंमतही जास्त असेल असं वाटतं. पण गिऱ्हाइकांनी त्या काळी प्रूफच भरभरून घेतली, त्यामुळे अनेक डॉलरांत अनसर्क्युलेटेड, म्हणजे साध्या पद्धतीने पाडलेलं पण व्यवहारात न फिरलेलं नाणं दुर्मीळ ठरलं. १९९७ चा बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचा डॉलर बघा: प्रूफ लाखाच्या वर, अनसर्क्युलेटेड मात्र ३० हजारांच्या आसपास. म्हणून कमी पैशात संग्रह करणाऱ्याने प्रूफकडे वळावं. टांकसाळीचं अक्षर बघायची सवय लावा: पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी डेन्व्हर, एस सॅन फ्रान्सिस्को, डब्ल्यू वेस्ट पॉइंट. १९८६ चं प्रूफ एस, अनसर्क्युलेटेड पी.

स्वातंत्र्यदेवतेनंतर १९८३ आणि १९८४ चे लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे डॉलर, १९८७ चा राज्यघटनेचा (बोरू आणि ‘वी द पीपल’ हे शब्द), १९९० चा आयझेनहॉवर शताब्दीचा, ज्यावर सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष अशी त्यांचीच दोन मुखं आहेत, हे क्रमाने घ्या. १९९५-९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या अनसर्क्युलेटेड नाण्यांपासून सध्या लांब राहा. त्या दोन वर्षांत इतके प्रकार निघाले की लोकांनी घेणंच सोडलं. १९९६ च्या पॅरालिंपिक डॉलरची डी नाणी १५ हजारांच्या आत राहिली आणि आता ती महाग आहेत. २००१ चा बफेलो डॉलर देखणा आहे, पण त्याचे पाचही लाख नग संपले होते, त्यामुळे तोही चांदीच्या भावात मिळायचा नाही. २००९ चा लुई ब्रेल डॉलर मात्र जरूर पाहा: त्याच्या मागच्या बाजूला बोटाला लागतील असे ब्रेल ठिपके आहेत, आणि मला या सगळ्या मालिकेत हा विचार सर्वांत सुंदर वाटतो.

नाणं पारखताना त्याची पारदर्शक प्लास्टिकची कॅप्सूल दिव्याखाली धरून हळूहळू तिरकी करा. सरळ धरल्यावर न दिसणारी धुरकट साय, पांढरे दुधाळ डाग, बोटाचा ठसा, सगळं त्या एका कोनात उघडं पडतं. मखमली डबी आणि प्रमाणपत्र असेल तर बरं, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांना श्रेणी देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलं ७० श्रेणीचं, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचं नाणंही या टप्प्यावर नको. या काळातली खूपशी नाणी ६९ ला पोचतात, आणि ६९ व ७० मधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण.

घरी आणल्यावर नाणं पुसू नका, अगदी मऊ कापडानेही नाही. प्रूफच्या आरशावर उठलेली बारीक रेघ कायमची असते. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या टाळा, त्यांच्यामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मूळ कॅप्सूल आणि कोरडी जागा पुरे.

आणखी एक, डीलरच्या स्वस्त ट्रेमध्ये १९८९ चा काँग्रेस द्विशताब्दीचा डी डॉलर दिसला तर तो हातात घ्या आणि पान उलटावं तसा डावीकडून उजवीकडे फिरवा. नेहमीच्या अमेरिकन नाण्याची मागची बाजू अशा वेळी डोकं खाली दिसते. ती सुलटी दिसली तर साचा उलटा बसलेलं चुकीचं नाणं हाती लागलंय. अशी नाणी फार थोडी सापडली आहेत आणि त्यांची किंमत चांदीच्या कितीतरी पट आहे. मी दर वेळी फिरवून बघते. अजून सगळी डोकं खालीच निघाली आहेत.