घरी प्रॉब्लेम झालाय आणि कॉलेज बुडतंय? आधी अर्ज टाका

वडील ॲडमिट झाले, घरात कुणी गेलं, किंवा आपलंच डोकं ठिकाणावर नाहीये, अशा वेळी बहुतेक पोरं काय करतात तर कॉलेजला जायचं बंद करतात, सरांचे फोन उचलत नाहीत आणि हजेरी कमी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली की आईला नाहीतर काकांना घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी राहतात. तोवर हजेरी ७५ टक्क्यांच्या खूप खाली गेलेली असते, इंटर्नल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा) होऊन गेलेली असते, आणि सरांना मनातून मदत करायची असली तरी त्यांच्या हातात दाखवायला एक कागद नसतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात सांगा. सगळं सांगायची गरज नाही, "घरी मेडिकल इमर्जन्सी आहे, गावी चाललोय, अर्ज देतो" एवढा मेसेज पुरे.

सांगायचं कुणाला? क्लास टीचर किंवा मेंटॉर, इंजिनिअरिंगला असाल तर जीएफएम (गार्डियन फॅकल्टी मेंबर, म्हणजे तुमच्या गटाची जबाबदारी असलेले सर किंवा मॅडम). थेट प्राचार्यांकडे गेलात तरी ते एचओडींकडेच (विभागप्रमुखांकडेच) पाठवणार. आणि क्लार्क लोकांशी नीट बोला राव, कुठला फॉर्म कुठल्या खिडकीत आणि शेवटची तारीख कधी हे सरांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

आता अर्ज. मराठीत लिहिला तरी चालतो, पण मोघम नको. "काही वैयक्तिक अडचणींमुळे" असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. असं लिहा: "विषय: वडिलांच्या आजारपणामुळे गैरहजेरी ग्राह्य धरणेबाबत. मी एस.वाय.बी.कॉम.चा विद्यार्थी असून माझे वडील अमुक तारखेपासून रुग्णालयात दाखल आहेत. घरी दुसरे कोणी नसल्याने मला तिथे थांबावे लागत आहे. तरी या काळातील हजेरीत सवलत मिळावी व राहिलेल्या इंटर्नलसाठी पुन्हा संधी द्यावी, ही विनंती." शेवटी नक्की काय हवंय ते लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बरेच अर्ज नुसती कहाणी सांगून संपतात आणि त्यावर काय शेरा मारायचा ते कुणालाच समजत नाही. दोन प्रती काढा, एक ऑफिसला द्या आणि दुसरीवर इनवर्डचा (आवक) शिक्का नि तारीख घेऊन ती जपून ठेवा. गावी असाल तर कॉलेजच्या मेलवरून पाठवा. व्हॉट्सॲप मेसेज पुरावा म्हणून धरतीलच असं नाही.

सोबत केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, मृत्यू दाखला, जे असेल त्याची झेरॉक्स जोडा. एसटीची तिकिटंसुद्धा ठेवा, तारखा जुळवायला कामी येतात. मेडिकल सर्टिफिकेटवर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर हवा, आणि परीक्षा झाल्यावर मागची तारीख टाकून आणलेलं सर्टिफिकेट ऑफिसवाले लांबून ओळखतात, त्या फंदात पडू नका.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. हजेरीची सवलत, इंटर्नलची रिटेस्ट, सबमिशनला मुदतवाढ हे बरंचसं कॉलेजच्या हातात असतं, पण युनिव्हर्सिटीचा पेपर बुडाला तर तुमच्या एकट्यासाठी साधारणपणे पुन्हा पेपर निघत नाही, तो केटी म्हणून, म्हणजे राहिलेला विषय म्हणून, पुढच्या वेळी द्यायचा. हात फ्रॅक्चर असेल तर लेखनिक मिळू शकतो, त्याची परवानगी मात्र पेपरच्या आधी काढावी लागते.

झोप लागत नाही, खोलीबाहेर पडवत नाही, असं असेल तर ते पण खरंच कारण आहे. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने समुपदेशक ठेवलाच पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, तेव्हा ऑफिसात विचारा. पहिल्याच भेटीत "माझं बोलणं कुणाकुणाला कळणार?" हे विचारून घ्या, यात लाजायचं काही नाही. कॉलेजात नकोच वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

पैशांचं अडलं असेल तर फीचे हप्ते पाडून मागा, तेही लेखीच. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आहे, तशी तुमच्याकडे आहे का ते विद्यार्थी विकास विभागात विचारा. आणि फी थकली म्हणून ओरिजिनल मार्कशीट अडकवून ठेवणं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात बसत नाही.

अर्ज धूळ खात पडला तर? यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. पण आधी एचओडींना एकदा भेटून बघा, निम्मी कामं तिथेच होतात.

आणि अगदीच जमत नसेल, वर्ष ड्रॉप घ्यायचंच असेल, तर गायब होऊ नका. लेखी कळवा, पुढच्या वर्षी परत कुठल्या वर्गात नि कुठल्या सिलॅबसला बसायचं ते विचारा, आणि महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती असेल तर रिन्यूअल अडकणार का हे शिष्यवृत्तीच्या टेबलावर आधी विचारून मगच सही करा.