जन्मजात मणकादोष आणि कंबरदुखी: या चुका टाळा

सोयाबीनची सोंगणी आटोपली की गावोगावी कंबर धरून बसलेली माणसं दिसतात. बहुतेकांचं दुखणं स्नायूंचं असतं आणि काही आठवड्यांत उतरतं. काहींचा मात्र एक्स-रे निघतो, रिपोर्टवर ‘सॅक्रलायझेशन’, ‘लंबरायझेशन’ किंवा ‘स्पायना बायफिडा ऑकल्टा’ असा शब्द येतो आणि घरात निरोप पोचतो, “मणकाच जुडेल हाये म्हन्ते.” पुढच्या चुका तिथून सुरू होतात.

रिपोर्टवरच्या शब्दालाच आजार समजणं. कमरेत साधारणपणे ५ मणके असतात. पाचवा मणका खालच्या त्रिकास्थीला (कण्याच्या तळाच्या तिकोनी हाडाला) एका किंवा दोन्ही बाजूंनी जुळला, तर ते सॅक्रलायझेशन. त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा राहिला, तर लंबरायझेशन. ऑकल्टामध्ये मणक्याची मागची कमान पूर्ण मिटलेली नसते. अशी ठेवण असलेली असंख्य माणसं कंबर न दुखता आयुष्यभर शेती करतात. जन्मापासून असलेली गोष्ट चाळिशीत अचानक का दुखायला लागली, हे डॉक्टरांना विचाराच. केवळ या रिपोर्टवरून मुलीचं जुळलेलं लग्न मोडणं हा तर उघड अन्याय आहे.

“जन्माचंच आहे, उपाय नाही” म्हणून सोडून देणं. ही उलट्या बाजूची चूक. पाचव्या मणक्याचा रुंद झालेला पंखा (बाजूला निघालेलं हाड) त्रिकास्थीशी खोटा सांधा करतो, तेव्हा तिथे खरंच दुखू शकतं. इटलीच्या मारिओ बर्टोलोटी यांनी १९१७ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला बर्टोलोटी सिंड्रोम म्हणतात. दुखणं बहुधा एका बाजूला आणि अगदी खाली असतं, बोट ठेवून दाखवता येतं. कधी खोटा सांधा शांत असतो आणि त्याच्या वरची, दोन मणक्यांमधली गादी जास्त ताण सोसून झिजते. दोन्हींतला फरक ओळखायला डॉक्टर एक्स-रेवर बघत त्या सांध्यात भुलीचं इंजेक्शन देतात. काही तासांपुरतं दुखणं स्पष्ट कमी झालं, तर संशय बळावतो. उपचाराची सुरुवात मात्र व्यायामानेच करायची: पोटाचे आणि कमरेचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, फिजिओथेरपिस्टकडून शिकून, नेमाने. पाठीवरचा फवारणी पंप काही दिवस दुसऱ्याकडे द्या. पट्टा कामापुरता बांधा. ऑपरेशन थोड्यांनाच लागतं.

ते ठरलंच, तर आधी विचारा, “मणके कुठून मोजले?” जुळलेल्या किंवा सुट्या मणक्यामुळे मोजणी एकाने चुकते आणि भलत्याच जागी ऑपरेशन होऊ शकतं. जुन्या फिल्म फेकू नका, सगळ्या सोबत न्या.

लेकराची पाठ उघडी करून न बघणं. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. कमरेच्या मधोमध केसांचा पुंजका, नितंबांच्या फटीच्या वर खोल खळगा, मऊ गाठ किंवा लाल डाग दिसला, तर आत मज्जारज्जू अडकलेला असू शकतो. पाऊल वाकडं होत जाणं, चाल बदलणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, ही त्याचीच लक्षणं. अशा वेळी एमआरआय लागतो. अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना लेकराची पाठ आवर्जून दाखवा. अर्धवट बनलेल्या मणक्यामुळे कणा वाकला असेल, तर तो मालिशने सरळ होत नाही. अशा मुलांच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि हृदयाची तपासणीही करून घ्यावी, कारण गर्भात हे अवयव त्याच सुमारास घडत असतात.

उसण भरली म्हणून पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. नुसता स्पर्श असेल तर हरकत नाही. पण कमरेवर उभं राहणं, हिसका देऊन हाड ‘बसवणं’ टाळा. मणका पुढे सरकलेला असेल, तर नस दबू शकते.

विदर्भातली बाकीची कारणं विसरणं. रिपोर्टवर जन्मजात दोष सापडला की तपास थांबतो, आणि खरं कारण राहून जातं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर भागात तरुणाची कंबर वारंवार ठणकत असेल, तर सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करा. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्रीही न थांबणारं दुखणं असेल, तर मणक्याचा क्षयरोग तपासा. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराईडनेही कणा ताठरतो. आणि बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत आराम पडला, तर तिच्यात स्टेरॉईड असण्याची शक्यता मोठी. क्षयरोगात आणि सिकलसेलमध्ये ते घातक ठरू शकतं.

लघवी तुंबली, बसायच्या जागेची संवेदना गेली किंवा पाऊल उचलेना, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून जवळच्या मेडिकल कॉलेजला, नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला जे जवळ असेल तिथे, त्याच दिवशी पोचा.